उजवीकडे झुकलेले नाक

तीन वर्षांपूर्वी २१ जूनला, म्हणजे योग दिनाला, आमच्या शाळेच्या सभागृहात मुलांसमोर बसून मी अनुलोम-विलोम शिकवत होते. खरे तर योगशिक्षक रजेवर असल्यामुळे मुख्याध्यापकांनी ते काम माझ्या गळ्यात घातले होते. डावी नाकपुडी मिटून उजवीने श्वास घ्या, असे मी मुलांना सांगितले आणि स्वतः तसे करू गेले, तर हवा आत येईना. एक बारीक शिटी वाजली, समोरच्या रांगेतली दोन मुले हसली आणि मी घाईघाईने बाजू बदलून वेळ मारून नेली. सर्दी असेल, असे मनाशी म्हटले. पण सर्दी नव्हती. त्या रात्री आणि पुढच्या कित्येक रात्री मी अंथरुणात पडल्यापडल्या एकेक नाकपुडी दाबून पाहत राहिले, तेव्हा ध्यानात आले की उजव्या बाजूने मी अनेक वर्षांत पुरता श्वास घेतलेलाच नाही.

सकाळी उठल्यावर तोंडाला पडलेली कोरड, उशाशी पाण्याचा तांब्या असल्याशिवाय न लागणारी झोप, घोरण्यावरून नवऱ्याने केलेली थट्टा आणि अभंगाची लांब ओळ एका दमात न संपणे, या सगळ्या गोष्टी मी माझ्या प्रकृतीचा भाग म्हणून धरून चालले होते. आमच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या काकींनी मला कितीतरी वेळा टोकले होते, ‘‘विठ्ठल म्हणताना ‘विठ्’वरच श्वास घेतलास तर देव कुठे राहिला गो?’’ मी हसून सोडून देत असे.

एवढे कळूनही डॉक्टरांकडे जायला मला आणखी दोन वर्षे लागली. त्यामागे एक कारण होते आणि ते मी कुणालाच सांगितले नव्हते. त्याकडे येतेच.

माझे नाक वाकडे आहे. समोरून पाहिले तर त्याचा वरचा भाग मध्यावर आहे आणि खालचा, शेंड्याकडचा भाग उजवीकडे कललेला आहे. बाजूने पाहिले तर मधोमध एक उंचवटा आहे. उंचवटा घराण्यातून आलेला आहे, कल मात्र माझ्या स्वतःच्या कर्तृत्वाचा. दहा वर्षांची असताना डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावी, पावसाने शेवाळलेल्या तळीच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवरून मी तोंडावर पडले. रक्त बरेच गेले. घरी हळदीचा लेप लावला, आठवड्याभराने सूज उतरली आणि प्रकरण मिटले. नाकाचे हाड मोडून सरकले असेल तर साधारण पहिल्या दोन आठवड्यांत ते पुन्हा जागेवर बसवता येते, आणि मार लागल्यावर दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यात रक्त साकळले असेल तर ते ताबडतोब काढावे लागते, नाहीतर आतली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, मरते व नाक मधोमध खचते, हे त्या वेळी आमच्या घरात कुणाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. माझी कूर्चा वाचली, एवढे दैव.

पणजीच्या ज्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे मी अखेर गेले, त्यांनी आधी कोणतेही यंत्र हाती घेतले नाही. धातूची एक गार, चपटी पट्टी माझ्या नाकाखाली आडवी धरली आणि नेहमीसारखा श्वास सोडायला सांगितले. पट्टीवर वाफेचे दोन डाग उमटले. डावा रुपयाच्या नाण्याएवढा होता. उजवा तांदळाच्या दाण्याएवढा, आणि मी नीट पाहीपर्यंत तो विरूनही गेला. त्यानंतर दुर्बिणीने तपासणी झाली, पुढे सीटी स्कॅनही झाला, पण माझी खात्री पटली ती त्या तांदळाच्या दाण्याने. घरी येऊन मी फ्रिजमध्ये गार केलेल्या स्टीलच्या ताटलीवर तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला. फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला एका निरीक्षणावर थांबणे जमत नाही.

आपल्याकडे अशा नाकाला ‘हाड वाढले’ म्हणतात. मीही तसेच समजत होते, आणि वाढलेले हाड कापून टाकले की झाले, अशी माझी कल्पना होती. वस्तुतः काहीच वाढलेले नसते. दोन्ही नाकपुड्यांच्या मधे जो पडदा असतो, तो पुढच्या भागात कूर्चेचा आणि मागच्या भागात पातळ हाडांचा असतो. तो एका बाजूला वाकला की त्या बाजूची वाट अरुंद होते. काटेकोर मोजले तर अगदी सरळ पडदा फार थोड्यांचा असतो, आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. ज्या बाजूला वाट रुंद होते तिथे बाजूच्या भिंतीवरची मांसल घडी, जिला टर्बिनेट म्हणतात, ती फुगून रिकामी जागा भरून काढते. माझ्या डाव्या बाजूला तेच झाले आहे. म्हणजे जी बाजू मी चांगली समजत होते, तीही तशी चांगली नाही. शिवाय निरोगी नाकातसुद्धा दोन्ही बाजू काही तासांच्या अंतराने आळीपाळीने थोड्या बंद-मोकळ्या होत असतात, त्यामुळे डाव्या बाजूची पाळी आली की माझे सगळेच दार लागते. मध्यरात्री धडपडून उठण्याचा खुलासा मला असा मिळाला.

एवढ्याशा वाकडेपणाने इतका फरक का पडावा, हा प्रश्न मला त्रास देत होता आणि त्याचे उत्तर माझ्याच विषयाच्या पुस्तकात होते. नळीतून संथ वाहणाऱ्या द्रवाला किंवा वायूला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. नाक ही काही गुळगुळीत गोल नळी नव्हे, त्यामुळे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही, पण दिशा तीच. आणि नाकात सर्वांत अरुंद जागा आत खोलवर नसते, ती नाकपुडीच्या तोंडापासून थोडीशीच वर, पडदा आणि बाजूची कूर्चा जिथे मिळतात तिथे असते. तिला झडप म्हणतात. तिथला कोन सामान्यतः दहा ते पंधरा अंशांचाच असतो. माझा पडदा नेमका तिथेच वाकलेला आहे. उजवा गाल बोटांनी हलकेच बाहेरच्या बाजूला ओढला की श्वास एकदम मोकळा होतो. ही खूण डॉक्टरांनी दाखवली तेव्हा मला आनंदापेक्षा राग अधिक आला, कारण इतकी वर्षे मोकळा श्वास माझ्यापासून दोन बोटांच्या अंतरावर होता.

पण शस्त्रक्रियेची तारीख त्यांनी लगेच दिली नाही. आधी औषध, मग कात्री, असे ते म्हणाले. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जूनपासून पुढे चार महिने कपाटातल्या चामडी पट्ट्यापासून पुस्तकांच्या पुठ्ठ्यापर्यंत सगळ्यावर बुरशी धरते. अशा दमट हवेत गाद्या-उशांतले धुळीचे सूक्ष्म किडे फोफावतात आणि ज्याला ॲलर्जी आहे त्याचे नाक आतून सुजलेलेच राहते. लहानपणी आमच्या रस्त्याने खनिजाचे ट्रक जात आणि अंगणातल्या तुळशीचीही पाने तांबडी होत. त्या धुळीने पडदा वाकत नाही, पण नाक चिडते हे खरे. मला मोमेटासोन या सूज उतरवणाऱ्या औषधाचा फवारा रोज नाकात मारायला सांगितला, उशांचे अभ्रे उकळत्या पाण्यात धुवायला सांगितले, मिठाच्या पाण्याने नाक धुवायला शिकवले. या फवाऱ्याचा पुरता परिणाम दिसायला काही आठवडे जातात, त्यामुळे चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून तो कपाटात ठेवणे व्यर्थ. मी एकेकाळी औषधाच्या दुकानातून नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब आणून महिनेच्या महिने वापरले होते, तीही चूक होती. ते थेंब पाच-सात दिवसांपेक्षा जास्त वापरले तर उलटतात, आणि थेंब घातल्याशिवाय नाक उघडतच नाही अशी सवय लागते.

तीन महिने मी सगळे नेमाने केले. डावी बाजू बरीच सुधारली. उजवीकडचा तांदळाचा दाणा फार तर तुरीच्या दाण्याएवढा झाला. फवाऱ्याने सूज उतरते, कूर्चा सरळ होत नाही.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारले, ‘‘समजा, श्वास पूर्ण मोकळा झाला आणि नाक बाहेरून आज दिसते तसेच राहिले, तर तुम्हाला चालेल?’’ मी लगेच ‘हो’ म्हणाले. ते काही बोलले नाहीत, नुसते थांबले. मग मला माझाच ‘हो’ ऐकू आला आणि तो खोटा आहे हे कळले.

दोन वर्षे मी टाळत होते ते हेच. श्वासासाठी शस्त्रक्रिया करायची म्हटले की सारे जग सहानुभूतीने मान हलवते. रूपासाठी म्हटले की नाक मुरडते. अडतीस वर्षांची, लग्न झालेली, आठवीतल्या मुलाची आई आणि वर शिक्षिका, हिला आता कुणाला दाखवायचे आहे, हा प्रश्न कुणी विचारण्याआधीच मी तो स्वतःला विचारला होता आणि लाजून गप्प बसले होते. प्रत्यक्षात फोटो काढताना मी गेली वीस वर्षे चेहरा थोडा डावीकडे वळवते. चष्मा वाकडा बसतो म्हणून दुकानदार दर वेळी त्याची एका बाजूची पट्टी पकडीने वाकवून देतो. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये समोरून काढलेला माझा एकही फोटो नाही, हे नवऱ्याच्या कधी लक्षात आले नाही. मला मात्र ते अल्बम न उघडताही माहीत आहे. मुलगी पाहायला आलेल्या एका बाईंनी माझ्या आईला ‘‘नाकी-डोळी नीटस असती तर...’’ एवढेच म्हणून चहाचा कप खाली ठेवला होता. ते वाक्य त्यांनी पुरे केले नाही, आणि मलाही ते इतक्या वर्षांत पुरे करता आले नाही.

श्वासाच्या आडून रूपाचे काम उरकून घ्यावे, असा माझा छुपा बेत होता, आणि तो मला अप्रामाणिक वाटत होता. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवले तेव्हा निराळेच समजले. नाकाचा बाहेरचा खालचा अर्धा भाग हाडाचा नसून कूर्चेचा आहे आणि तो ज्या तुळईवर उभा आहे ती तुळई म्हणजे तोच मधला पडदा. नुसता पडदा सरळ करायचा असेल तर मधला वाकडा भाग काढतात किंवा सरळ करून पुन्हा बसवतात; पण वरच्या आणि पुढच्या कडेला साधारण एकेक सेंटिमीटर रुंदीची, इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी पट्टी आधारासाठी राखून ठेवावीच लागते, नाहीतर नाक खाली बसते. माझ्या बाबतीत वाकडेपण नेमके त्या राखायच्या पट्टीतच आहे. म्हणून आतून कितीही साफसफाई केली तरी झडप अरुंदच राहणार. तिथे पोचायचे तर नाक बाहेरून उघडून, पडद्यातूनच काढलेल्या कूर्चेच्या बारीक चिपा नाकाच्या कण्याच्या दोन्ही अंगांना बसवून कोन रुंद करावा लागेल, आणि तसे केले की नाक बाहेरूनही सरळ होईल. मी ज्यांना दोन कारणे समजत होते, ती एकाच कूर्चेची दोन टोके निघाली.

विमा कंपनीला हे मान्य नाही, हे ओघाने आलेच. पडद्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च वैद्यकीय गरज म्हणून मिळू शकतो, तोही बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांच्या प्रतीक्षेनंतर. रूपासाठी केलेले काम सरसकट वगळलेले असते. एकाच टेबलावर, एकाच भुलीत, एकाच माणसाने केलेल्या कामाची दोन बिले होणार, आणि कूर्चेची ती चीप कोणत्या बिलात जाईल यावर पत्रव्यवहार करावा लागणार. माझ्या खिशातून जाणारी रक्कम दोन महिन्यांच्या पगाराएवढी आहे. नाकापेक्षा मोती जड, असे आई म्हणाली.

नाकाच्या शस्त्रक्रियेला परदेशी थेर समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती आपल्या पुण्याची आहे. सुश्रुताने गालाच्या त्वचेपासून नाक घडवण्याची रीत सांगितली आहे, हे आपण अभिमानाने ऐकतो, पण ती विद्या हातांनी टिकवली ती कारागिरांनी. इंग्रज सैन्यात बैल हाकणारा कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला, तेव्हा त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्यात, विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. ती हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आली आणि ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. नाक कापणे ही अब्रू घेण्याची शिक्षा होती, तेव्हा ते पुन्हा बसवणे हे श्वासाचे काम होते की रूपाचे, हे त्या कारागिराने कावसजीला विचारले नसावे. पुढे १८९८ मध्ये बर्लिनमध्ये जाक योसेफ यांनी एका माणसाचे मोठे नाक लहान केले, ते तर केवळ त्याला लोकांत जाण्याची लाज वाटत होती म्हणून. त्या अनोळखी जर्मन माणसाविषयी वाचताना मला आपला माणूस भेटल्यासारखे वाटले.

तिसऱ्या भेटीत संगणकावर माझे फोटो घेऊन शस्त्रक्रियेनंतर नाक कसे दिसू शकेल याचे चित्र दाखवले गेले. हे चित्र म्हणजे हमी नव्हे, असे आधीच बजावले होते. पडद्यावर एक देखणी बाई होती. सरळ, आखूड, मऊ उताराचे नाक. मी तिच्याकडे पाहिले आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण तिच्या चेहऱ्यावर माझे आजोबा नव्हते. आजोबा गावच्या जत्रेतल्या नाटकांत राजे आणि सेनापती रंगवत; गॅसबत्तीच्या उजेडात बाजूने उभे राहिले की त्यांच्या नाकाची सावली मागच्या पडद्यावर पडे आणि आम्ही पोरे ती पाहून ओरडत असू. तो उंचवटा त्यांचा होता. मला कधी सलला होता तो कल, उंचवटा नव्हे, हे ते चित्र पाहेपर्यंत मला स्वतःलाच ठाऊक नव्हते. मी विचारले, ‘‘कल काढून उंचवटा ठेवता येईल का?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘येईल की. उलट काम कमी होईल.’’ दुसरे चित्र फारसे देखणे नव्हते. ते मी मोबाइलवर घेऊन आले.

धोके त्यांनी लपवले नाहीत. पूर्ण भूल द्यावी लागेल. आठवडाभर नाकावर कडक पट्टी, डोळ्यांखाली दोन आठवडे काळे-निळे, पहिले काही दिवस तर नाक आत्ताहून अधिक बंद. शेंड्याची सूज पुरती उतरायला वर्षही लागते, म्हणून सहाव्या महिन्यात आरशाशी भांडायचे नाही. शेंडा काही काळ बधिर राहतो; पडद्याला भोक पडणे, आतल्या भागांनी एकमेकांना चिकटणे हे क्वचित होते; शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना पुन्हा टेबलावर जावे लागते. डाव्या बाजूची फुगलेली घडी ‘कापूनच टाका’ असे मी उत्साहाने म्हणाले, तेव्हा त्यांनी नकार दिला. ती घडी हवा गरम आणि ओलसर करते. ती फार काढली तर वाट मोकळी असूनही हवा पोचत नाही असे वाटत राहते, आणि ते दुखणे आत्ताच्या दुखण्याहून वाईट. गाण्याच्या आवाजात किंचित फरक पडू शकतो, बहुधा तो मलाच जाणवेल, असेही ते म्हणाले. त्यावर पेटीवाल्या काकींचे मत असे की, माझ्या आवाजात बिघडण्यासारखे फारसे नाही.

आईचा विरोध अजून पूर्ण मावळलेला नाही. देवाने दिलेले शरीर, एवढेच ती म्हणते. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, पण ते मी तिला सुनावलेले नाही. दुसरे चित्र दाखवले तेव्हा तिने मोबाइल हातभर लांब धरून बराच वेळ पाहिले आणि ‘‘यात काय बदलले?’’ असे विचारले. नवरा म्हणतो की त्याला माझे नाक वाकडे आहे हे मी सांगेपर्यंत दिसलेच नव्हते. तो खरे बोलतो आहे असे मला वाटते, आणि त्याचा मला थोडा रागही येतो.

मी तारीख अजून घेतलेली नाही. चवथ म्हणजे घरात गणपती येण्याची, घुमट या मातीच्या वाद्याची आणि आरत्यांची वेळ. ती आटोपल्यावर दिवाळीची सुट्टी येते आणि तेवढ्या दिवसांत डोळ्यांखालचे काळे उतरेल, असा हिशेब मी कॅलेंडरवर पेन्सिलीने केला आहे. अडचण एकच उरली होती. नाक भरून येईपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे त्यावर चष्म्याचे ओझे चालत नाही, आणि चष्म्याशिवाय मला पहिल्या बाकावरचा मुलगा कोण हेही ओळखू येत नाही. गेल्या शनिवारी शाळा सुटल्यावर, घरी कुणाला न सांगता, मी बसने म्हापशाला गेले. दुकानातल्या मुलीने मला आरशासमोर बसवले, बोटाच्या टोकावर लेन्स ठेवून दाखवली, आणि डोळे मिटू नका असे सांगत राहिली. पहिल्या पाऊण तासात एकही लेन्स डोळ्यात गेली नाही. मग उजवी बसली.